एसिट्रोम चालू असताना पालेभाजी कशी खायची

ह्यांची हृदयातली मायट्रल झडप बदलून धातूची बसवली, तेव्हापासून आमच्या घरी रोज संध्याकाळी एसिट्रोमची, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी ठरलेली. झडप बदललेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: पालेभाज्या बंद. कृपा करून असं करू नका. पालेभाजी बंद करायची नसते, रोज साधारण सारखी ठेवायची असते.

रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात. त्यातले चार के जीवनसत्त्वाशिवाय कामाचे होत नाहीत. एसिट्रोम किंवा वॉरफरिन हे जीवनसत्त्व शरीराला पुन्हापुन्हा वापरू देत नाही, म्हणून झडपेवर गुठळी धरत नाही. डोस ठरतो तो तुमच्या नेहमीच्या जेवणावर. के एकदम वाढलं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) उतरतो, गुठळीची भीती. एकदम घटलं की आयएनआर चढतो, रक्तस्रावाची भीती. धातूची मायट्रल झडप असली की तो साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. तुमचा आकडा डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. पालेभाजी पार तोडली तर शरीरातला साठा इतका तोकडा होतो की एखाद्या दिवशीच्या मेथीनेही आकडा हलतो.

शिवाय रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचू न देणारं एक प्रथिन आहे, त्यालाही केच लागतं. पण म्हणून ‘के-टू’च्या (के जीवनसत्त्वाचाच एक प्रकार) कॅप्सूल आणू नका. त्यांनी हृदयविकार टळतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि एसिट्रोमवर त्या मनाने सुरू करणं धोक्याचं आहे. गव्हांकुराचा रस, शेवग्याच्या पाल्याची पावडर यांनाही आमच्या घरात जागा नाही.

मी करते ते असं. हिवाळ्यात मेथी स्वस्त झाली म्हणून रविवारी मोठी परात भरून भाजी करायची नाही. दुपारच्या जेवणात रोज अर्धी वाटी पालेभाजी, कधी सुकी, कधी डाळीत. १०० ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे ४८० मायक्रोग्रॅम के असतं, कोबीत पाऊणशेच्या आसपास, दुधी-बटाट्यात अगदी थोडं. म्हणून पालकाच्या जागी कोबी केला तर ती अदलाबदल सारखी होत नाही. आमटीवर भुरभुरलेल्या कोथिंबिरीची काळजी नको, पण कोथिंबीर वडी किंवा अळूवडी बशीभर झाली की ती त्या दिवसाची पालेभाजी धरायची.

तेलाकडेही बघा. शेंगदाणा तेलात के जवळजवळ नसतं, सोयाबीन तेलात बऱ्यापैकी असतं. तेल बदलायचं असेल तर डॉक्टरांना सांगून बदला. एका एकादशीच्या साबुदाण्याने फारसं बिघडत नाही. नवरात्राचे नऊ दिवस धरायचे असतील तर आधी विचारा आणि आयएनआर तपासा. ताप, जुलाब, तोंडाची चव जाणं, अँटिबायोटिक, यातही तो चढू शकतो. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घ्यायची नाही. कालनिर्णयच्या चौकटीत मी गोळी दिली की बरोबरची खूण करते आणि पालेभाजी झाली की ‘पा’ लिहिते. रिपोर्ट हलला की डॉक्टर तेच पान मागतात. गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत, डॉक्टरांना फोन करायचा.

कुणी सांगेल, “आमच्या बाबांच्या गोळीला पथ्यच नाही.” त्या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या वेगळ्या, त्या धातूच्या झडपेला चालत नाहीत. त्यातलंच डॅबिगॅट्रान अशा रुग्णांना देऊन पाहिलं होतं. गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त झाले, म्हणून ती चाचणी मध्येच थांबवावी लागली.

काळी शी, लाल लघवी, न थांबणारं रक्त, डोक्याला मार (वरून काही दिसत नसलं तरी), तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, अचानक धाप किंवा झडपेची नेहमीची टिकटिक दबल्यासारखी वाटणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. फाइल आणि गोळीची पट्टी घेऊन सरळ इमर्जन्सीत जा.