प्रवाळ पाहायला पाण्यात उतरताय? या चुका टाळा

तापणारा समुद्र हे प्रवाळावरचं सर्वात मोठं संकट आहे आणि ते एकट्या डायव्हरच्या हातात नाही. पण त्या तापलेल्या पाण्यातून कसंबसं वाचलेल्या प्रवाळाला आपली लाथ लागू न देणं पूर्णपणे आपल्याच हातात आहे. फांद्यांचं प्रवाळ वर्षाला साधारण 10 सेंटीमीटर वाढतं, गोल दगडासारखं दिसणारं जेमतेम 1 सेंटीमीटर. म्हणजे एका फटक्यात तुटलेला भाग भरून यायला काही वर्षं, कधी कधी काही दशकं लागतात.

अंगावर जास्त वजन घेणं

माझ्या मते बाकीच्या निम्म्या चुका इथूनच सुरू होतात. पाण्याखाली जाता यावं म्हणून डायव्हर कमरेला शिशाचं वजन बांधतो. ते जास्त झालं की तो खाली जातो, मग बीसीडीत, म्हणजे हवा भरून तरंगायला मदत करणाऱ्या जाकिटात, हवा भरतो. कमरेचं वजन खाली ओढतं, छातीजवळची हवा वर ओढते. शरीर उभं होतं आणि फिन्स, म्हणजे पायांतली वल्ह्यासारखी पाती, थेट प्रवाळावर आपटतात. फिन्स नुसत्या जवळून गेल्या तरी वाळू उडते. ती प्रवाळावर बसते आणि झटकून टाकण्यात त्याची शक्ती खर्ची पडते.

यावर उपाय सोपा आहे. डाइव्ह संपताना, सिलिंडरमध्ये साधारण 50 बार (हवेच्या दाबाचं एकक) हवा उरलेली असताना, पृष्ठभागावर बीसीडी पूर्ण रिकामं करा. नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर थांबा. पाणी डोळ्यांच्या पातळीला असावं, आणि श्वास सोडला की हळूहळू खाली जायला हवं. दगडासारखे बुडालात तर एकेक किलो कमी करत पुन्हा तपासा. वजन बरोबर आहे पण पाय खालीच जातात? मग थोडं वजन बेल्टवरून काढून वर, सिलिंडरच्या पट्ट्यावर घ्या.

प्रवाळाच्या अगदी जवळ गेलात तर घाबरून पाय मारू नका. हळू, खोल श्वास घ्या. शरीर आपोआप थोडं वर येईल, मग तिथून सरका. पाण्याखाली श्वास मात्र कधीही रोखून धरायचा नाही.

लोंबणारं सामान, हातातला कॅमेरा

गेज (हवेचा दाब दाखवणारं मीटर) आणि जादा रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन) क्लिपने छातीजवळ अडकवा. कॅमेऱ्याचा मोह मोठा असतो, हे मान्य. पण एका जागी मिनिटभर स्थिर तरंगता येत नसेल तर कॅमेरा बोटीवरच राहू द्या, कारण नजर फ्रेममध्ये अडकली की पायांचं भान सुटतं. हातमोज्यांचंही तसंच. ते असले की हात आधारासाठी सहज पुढे जातो. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटाच्या सागरी उद्यानात डायव्हर्सना हातमोजे घालायला बंदी आहे, ती याचसाठी.

फक्त पैसे बघून बोट ठरवणं

आधी विचारा: नांगर टाकता की कायमच्या बोयाला (तळाशी पक्क्या केलेल्या तरंगत्या खुणेला) बोट बांधता? नांगराची साखळी बोटीबरोबर फिरत राहते आणि भोवतालचं सगळं खरवडून काढते. उतरण्यापूर्वी नीट सूचना देता का? एका गाइडमागे किती जण असतात? 2004 पासून चालू असलेल्या ग्रीन फिन्स उपक्रमात डाइव्ह सेंटरची अशाच निकषांवर तपासणी होते. अशा सेंटरला दोन पैसे जास्त देणं हीच पर्यटकाची खरी मदत.

सनस्क्रीनबाबत हवाईने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळाला घातक मानली जाणारी रसायनं असलेल्या क्रीमच्या विक्रीवर 2021 पासून बंदी घातली. पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा शर्ट) घातला की क्रीम बरंच कमी लागतं.

लावलं की झालं, असं समजणं

पर्यटकांकडून प्रवाळाचे तुकडे लावून घेणारे कार्यक्रम बरेच आहेत. हेतू चांगला असला म्हणून काम चांगलं होतंच असं नाही. 1972 मध्ये फ्लोरिडाजवळ कृत्रिम भित्तीसाठी सुमारे 20 लाख जुने टायर समुद्रात सोडले गेले. बांधलेले पट्टे तुटले आणि सुटे टायर शेजारच्या खऱ्या प्रवाळावर आदळत राहिले.

म्हणून सहभागी होण्याआधी विचारा, तुकडे आणता कुठून? ते आधीच तुटून पडलेले असावेत, निरोगी वसाहतीतून मोडून आणलेले नकोत. सहा महिन्यांनी ते बघायला कोण जातं? याचं उत्तर मिळालं नाही तर पैसे देऊ नका. लावलेला तुकडा हलत असेल तर तो खडकाला धरत नाही. त्यावर शेवाळ चढत असेल तर शेवाळ खाणारे मासे तिथे कमी झालेत का, हे आधी पाहायला हवं. शेवाळ खाणारे पोपट मासेच मारून खाल्ले जात असतील तर ब्रश घेऊन किती दिवस घासणार?

पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं समजून हलवू नका. उष्णतेमुळे त्याच्या पेशींतलं शैवाल निघून जातं आणि पारदर्शक पेशींतून सांगाडा दिसतो, पण प्रवाळ जिवंत असतं. पाणी वेळेत थंड झालं तर ते सावरू शकतं. अशा काळात एखादी जागा बंद ठेवली असेल तर तिथेच नेण्याचा हट्ट धरू नका. उलटलेलं किंवा नुकतंच तुटलेलं प्रवाळ दिसलं तर स्वतः उचलू नका. जागा आणि खोली लक्षात ठेवा, गाइडला दाखवा आणि वर आल्यावर त्याची नोंद करायला सांगा.