रूळ किती रुंद, पळायचं कुठल्या बाजूनं, कुत्रा कुठं वळतो: तिन्ही मोजून बघा

रोमन रथाला जुंपलेल्या दोन घोड्यांच्या पाठीइतकी रुंदी म्हणून रेल्वेच्या रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, ठरलं, ही गोष्ट कधी ना कधी सगळ्यांच्या फोनवर येते. ती तपासायला एक फोटो आणि कंपासपेटीतली पट्टी पुरते. गोष्टीतले रूळ १४३५ मिलिमीटरचे आहेत, बेळगावातून जाणारे १६७६ मिलिमीटरचे.

रूळ न ओलांडता गेज काढणं

टेप घेऊन रुळांत उतरायचं नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड आहे, आणि लांबून सरळ येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्याला कळत नाही, हे त्याहून मोठं कारण. पुलावरून टेप किंवा दोरीही खाली सोडायची नाही. विजेच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, ओली सुतळीसुद्धा जीव घेऊ शकते.

स्टेशनच्या पादचारी पुलावरून फोटो काढा. बेळगाव, लोंढा, घटप्रभा, मिरज, जे जवळ असेल ते. निपाणीला रेल्वे नाही, तिथल्यांनी रायबाग, चिकोडी रोड किंवा कोल्हापूर गाठावं. दोन रुळांच्या बरोबर मध्यावर उभं राहून फोन सरळ खाली धरायचा. स्लीपरची, म्हणजे रुळांखालच्या आडव्या ठोकळ्याची, दोन्ही टोकं खडीतून उघडी दिसतील अशी जागा निवडा. टोकं खडीत बुजलेली असली की लांबी कमी भरते आणि सगळा हिशेब चुकतो.

ब्रॉडगेजचा, म्हणजे आपल्या १६७६ मिलिमीटरच्या रुळांचा, काँक्रीटचा स्लीपर २.७५ मीटर लांब असतो. फोटो मोठा करत करत स्क्रीनवर स्लीपर बरोबर ११ सेंटिमीटर भरेल असा आणा. मग दोन रुळांच्या डोक्यांच्या आतल्या कडा पकडून त्यांच्यातलं अंतर मोजा, गेज म्हणतात ते हेच. हिशेबानं ६.७ सेंटिमीटर यायला हवं: ६.७ भागिले ११, गुणिले २.७५, म्हणजे १.६७५ मीटर.

प्रत्यक्षात बहुतेकांचं माप ६.८ ते ६.९ येतं. रुळाचा माथा स्लीपरपेक्षा सतरा-अठरा सेंटिमीटर वर असतो, म्हणजे कॅमेऱ्याला तेवढा जवळ, आणि जवळची वस्तू मोठी दिसते. कॅमेरा आठ-नऊ मीटर उंचीवर असेल तर हा फरक दोन टक्क्यांच्या आसपास पडतो. तेवढा वजा करा. ७.१ च्या वर गेलं तर चूक वेगळी आहे: रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं गेलं. फाटकातला फोटो घेतला तर आणखी एक फसगत होते. तिथं मुख्य रुळाच्या आत, पाच-साडेपाच सेंटिमीटरची फट सोडून, आणखी एक रूळ असतो. त्याला चेक रेल म्हणतात. तो धरला की गेज उगाच कमी येतं. मोजायचा तो बाहेरचा, चाक ज्याच्यावरून जाऊन चकाकलेला असतो तो.

हातानंच मोजायची हौस असेल तर हुबळीच्या किंवा म्हैसूरच्या रेल्वे संग्रहालयात जा. तिथं जुनी इंजिनं रुळांवर उभी आहेत. कर्मचाऱ्यांना विचारून टेप लावावा.

आता घोड्यांकडे. १४३५ हा आकडा ईशान्य इंग्लंडमधल्या कोळशाच्या गाडीवाटांतून आला. तिथली रुंदी ४ फूट ८ इंच होती, चाकं घासू नयेत म्हणून पुढं अर्धा इंच वाढवला. घोडा ओढणार असलेली कुठलीही गाडी पाच फुटांच्या आसपासच रुंद असते, त्यासाठी रोमन सैन्य लागत नाही. आणि घोड्याची पाठच ठरवणारी असती तर आयर्लंडात १६००, रशियात १५२०, जपानात १०६७ असे वेगवेगळे आकडे आले नसते. आपल्याकडचे साडेपाच फूट गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात ठरले. त्याला सहा फूट हवे होते, तडजोडीत साडेपाच झाले. १८७० मध्ये व्हाइसरॉय मेयोच्या काळात खर्च वाचवायला मीटरगेज आलं. देशात मेट्रिक मापं आणायचा तेव्हा विचार होता, म्हणून रुंदी बरोबर एक मीटर.

आपल्या भागाला त्याची किंमत पिढ्यान् पिढ्या मोजावी लागली. धारवाडला मुख्यालय असलेल्या सदर्न मराठा रेल्वेनं बेळगावची लाइन मीटरगेज टाकली. पुढं पुणे–कोल्हापूर ब्रॉडगेज झालं, आणि कुर्डुवाडीहून येणारी बार्शी लाइट रेल्वे तर ७६२ मिलिमीटरची. तिन्ही रुंद्या मिरजेत भेटत. माणसांनी ट्रंका-वळकट्या घेऊन गाडी बदलायची आणि मालाची पोती एका वाघिणीतून दुसरीत हमालांनी वाहायची, हा मिरजेचा नित्यक्रम होता. १९९२ मध्ये एकच गेज करण्याचं धोरण आलं आणि त्या दशकात बेळगावची लाइन रुंद झाली. पुणे किंवा बेंगळुरूच्या मेट्रोत बसाल तेव्हा मात्र पायाखाली पुन्हा १४३५ असतं.

गाडी वळणावर रुळांवर टिकते ती चाकाच्या कडेच्या ओठामुळं, असं बहुतेकांना वाटतं. खरं काम चाकाचा उतार करतो. चाक सपाट नसतं. आतल्या बाजूला व्यास जास्त, बाहेर कमी, उतार साधारण २० ला १. घरी बघायचं तर चहाचे चार कागदी कप घ्या. दोन कप तोंडाला तोंड लावून चिकटवा, दुसरे दोन बुडाला बूड लावून. मीटरभर लांबीच्या दोन सरळ काठ्या ८ सेंटिमीटर अंतरावर समांतर ठेवा, एका टोकाखाली तीनेक सेंटिमीटर जाडीची वही. पहिली जोडी थोडी तिरकी सोडली तरी डुलत डुलत मध्यावर येते. दुसरी काही इंचांत घसरते. पहिलीही घसरली तर काठ्या समांतर नाहीत किंवा कपांचा जोड वाकडा आहे.

२०० मीटरचं मैदान आखणं

धावण्याच्या शर्यतीत मैदानाचा मध्य डाव्या हाताला ठेवतात. देवळात प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असतो, म्हणून पहिल्यांदा पळणारी लहान मुलं हमखास उलटी वळतात. त्यांना रागावू नका, डाव्या मनगटाला दोरा बांधा. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्येही धावपटू आजच्या उलट, घड्याळाच्या दिशेनं पळाले होते. पुढं जागतिक नियम डाव्या हाताचा झाला. हृदय डावीकडे असतं, उजवा पाय जोरकस असतो, अशी कारणं सांगतात. त्यातलं एकही नीट सिद्ध झालेलं नाही. घोड्यांच्या शर्यतींना तर एक दिशाच नाही: मुंबईत महालक्ष्मीला घड्याळाच्या दिशेनं, अमेरिकेत उलट, इंग्लंडात अ‍ॅस्कॉटला उजवीकडे आणि एप्समला डावीकडे.

दिशेपेक्षा शाळांच्या स्पर्धांत जास्त घोळ होतो तो आखणीत, आणि तिथं मुलांवर खरा अन्याय होतो. चार लेनच्या मैदानाला किमान ९० बाय ५० मीटर जागा लागते. सामान: १०० मीटरचा टेप, २५ मीटर बारीक तार, सहा लोखंडी खुंटे, हातोडी, फक्की. वर्तुळासाठी सुतळी किंवा नायलॉनची दोरी नको. ताणली की वाढते, आणि प्रत्येकजण वेगळा ताण देतो.

मैदानाच्या मध्यातून लांबीच्या दिशेनं ४० मीटर अंतरावर दोन खुंटे ठोका. प्रत्येक खुंट्यापाशी ६, ८ आणि १० मीटरचा त्रिकोण करून काटकोन घ्या आणि दोन्ही बाजूंना १८.९० मीटरवर एकेक खुंटा मारा. चार कोपरे झाले. त्यांचे दोन्ही कर्ण ५५.०३ मीटर आले पाहिजेत. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक चालेल, जास्त असेल तर काटकोन चुकलाय, पुढं जाऊ नका. मग मधल्या खुंट्याला तार अडकवून अर्धवर्तुळं काढा: १८.९०, २०.१२, २१.३४, २२.५६ आणि २३.७८ मीटर. सरळ बाजू त्याच अंतरांवर जोडा. पाच रेषा मिळून जवळपास १,०७० मीटर फक्की मारायची आहे, त्या हिशेबानं पोती आणा.

आतली रेषा २०० मीटर भरत नाही, १९८.७५ भरते. ते बरोबर आहे. धावणारा रेषेवर पाय देत नाही, लांबी रेषेच्या २० सेंटिमीटर बाहेरून धरतात: त्रिज्या १९.१०, दोन्ही वळणं मिळून १२० मीटर, अधिक ८० सरळ.

आता सुरुवातीच्या रेषा. शेवटची रेषा सगळ्यांना एकच, सरळ बाजू संपून वळण सुरू होतं तिथं. एका फेरीच्या शर्यतीत पहिल्या लेनची सुरुवातही तिथूनच. दुसरी लेन तिच्या ७.६७ मीटर पुढं, तिसरी १५.३३, चौथी २३.०० मीटर. हे अंतर वळणावरून मोजायचं आहे. टेप सरळ ताणून मोजणार असाल तर आकडे बदलतात: ७.६२, १५.०१ आणि २२.०३. प्रत्येक लेनमध्ये तिच्या आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटरवरून मोजायचं.

दोन चुका वारंवार होतात. जागा कमी म्हणून लेन एक मीटरची करतात आणि अंतरं मात्र १.२२ मीटरच्या लेनची मारतात. एक मीटरच्या लेनला प्रत्येक लेनमागं ६.२८ मीटर येतं. दुसरी चूक, अंतर पळण्याच्या दिशेच्या उलट, मागं मारणं. मग दुसऱ्या लेनचं पोर पहिलीतल्यापेक्षा १५ मीटर जास्त पळतं आणि हरतं. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी एकदा टेप घेऊन फिरा.

कुत्र्याचं वळण

ग्रेहाउंडच्या शर्यतीही डाव्या वळणाच्या असतात, आणि ती दिशा हाडात उतरते: वळणावर ताण पडून या कुत्र्यांचं मागच्या उजव्या घोट्याचं मधलं हाड मोडणं, ही पशुवैद्यांच्या चांगली ओळखीची दुखापत. मुधोळ हाउंड याच अंगलटीचा, सरळ रेषेत ससा गाठणारा कुत्रा. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जपली, २००५ मध्ये तिचं टपाल तिकीट निघालं, आणि तिमापूरला तिच्यासाठी संशोधन केंद्र आहे. असा कुत्रा पाळला असेल तर लहान वर्तुळात, एकाच दिशेनं, दोरीला बांधून पळवू नका. लांब माळ द्या.

बसण्याआधी कुत्रा गिरकी घेतो, ती ठरलेल्या बाजूनं असते का? वही घ्या. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, जागा, जमीन आणि दिशा लिहा. दिशा कुत्र्याच्या अंगानं धरायची, तुमच्या नाही. एका कुत्र्याच्या किमान ३० नोंदी करा. त्यात एका बाजूच्या २० निघाल्या तरी तो योगायोग असू शकतो. २१ किंवा जास्त असतील तरच कल आहे म्हणा. नोंदी एकाच जागेच्या नकोत: भिंतीला लागून झोपणारा कुत्रा भिंतीमुळं एकाच बाजूला वळतो, आणि साखळी असली तर साखळीच दिशा ठरवते. तुम्ही रोज त्याच बाजूला उभे राहत असाल तर तेही बदला.

शौचाला बसताना कुत्रा उत्तर-दक्षिण बसतो, हे ऐकून लोक हसतात. पण २०१३ मध्ये आलेल्या अभ्यासात ७० कुत्र्यांच्या १,८९३ शौचाच्या आणि ५,५८२ लघवीच्या नोंदी होत्या, आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असतानाच हा कल दिसला. तपासायचं तर कुत्रा मोकळा सोडा, उघड्या माळावर. बांध किंवा रस्ता असला की तो त्याच्याच रेषेत बसतो. फोनमधलं होकायंत्र आधी आठच्या आकारात फिरवून घ्या, आणि मोटरसायकल किंवा पत्र्याच्या शेडपासून दूर उभं राहा, नाहीतर काटा लोखंडाकडे ओढला जातो.

नोंदी करताना एक लक्षात आलं तर वही बाजूला ठेवा. म्हातारा कुत्रा पुन्हा पुन्हा फिरतो, खाली टेकतो आणि लगेच उठतो, तेव्हा सांधे दुखत असतात. डोकं एका बाजूला कलवून सतत त्याच बाजूला फिरत असेल तर कानाचा आतला भाग किंवा मेंदू बिघडलेला असू शकतो. त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात न्या, कानात घरचं तेल घालू नका.