बुधवारच्या नव्या कॉमिक्सचा रिव्ह्यू कसा लिहायचा

अमेरिकेत नवे कॉमिक्स बुधवारी येतात, डीसीवाले (बॅटमॅन-सुपरमॅन काढणारी कंपनी) २०२० पासून मंगळवारी काढायले होते पण २०२४ ला परत बुधवारावर आले, त्यामुळं परभणीत बसून डिजिटल वाचायचं तर गुरुवारची सकाळ धरा. सगळेच अंक घेऊ नका, तीन-चार बास.

एका अंकात गोष्टीची पानं साधारण २० च असतात म्हणून दोनदा वाचा, आधी नुसती गोष्ट, मग फक्त चित्रं. सुपरहिरोच्या मारामारीत कोण कुठं उभाय ते कळायलंय का बघा, उजव्या पानावरचं शेवटचं चित्र पान उलटायला लावतंय का तेबी बघा, मला तर अंकाचा दम इथंच कळतो. विनोदी अंकाचं अवघड असतंय. संवादाच्या फुग्यावर अंगठा ठेवा अन् नुसता चेहरा बघा, तरी हसू आलं तर चित्रकार लई भारी हाय, तसं नाव घेऊन लिहा. पण जोक सांगून टाकू नका राव!

रंग भरणारा अन् अक्षरं मांडणारा, दोघांचीबी नावं टाकाच, लई जण विसरतात. आणि मागचे अंक न वाचता हा कळंल का, तेवढी एक ओळ पाहिजेच, नव्या पोरांना पहिलं तेच विचारायचं असतंय.