विसरभोळेपणाच्या तपासण्या: एमआरआय, पेट स्कॅन आणि मणक्यातलं पाणी

एमआरआयच्या रिपोर्टवर ‘वयोमानानुसार मेंदू आकसला आहे’ असं छापून येतं आणि घरात ते ‘अल्झायमर झालाय’ असं वाचलं जातं. त्या ओळीवरून एवढं काही ठरत नाही. तपासण्यांचा क्रम आणि प्रत्येकीची तयारी नीट असेल, तरच आकड्यांवर विसंबता येतं.

सुरुवात स्मरणशक्तीच्या चाचणीने. बडोद्याच्या मराठी घरांत इथेच पहिली चूक होते: चाचणी गुजरातीत घेतली जाते. दांडिया बाजारात पन्नास वर्षं काढलेल्या, भाजीवाल्याशी घडाघडा गुजराती बोलणाऱ्या आजीसुद्धा शंभरातून सात-सात वजा करताना मनात मराठीतच मोजतात. त्यामुळे शाळा कोणत्या भाषेत झाली आणि किती इयत्ता झाल्या, हे डॉक्टरांना आधीच सांगा. सोबत बी१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या आणि चालू औषधांची पूर्ण यादी न्या. झोपेच्या आणि लघवी रोखायच्या काही गोळ्यांनीही विसर पडतो.

एमआरआयचं पहिलं काम म्हणजे दुसरी कारणं शोधणं: पडल्यावर कवटीखाली साचलेलं रक्त, गाठ, जुने छोटे पक्षाघात, मेंदूत तुंबलेलं पाणी. हिप्पोकॅम्पसची, म्हणजे मेंदूतल्या आठवणी साठवणाऱ्या भागाची झीज त्यानंतर बघायची. चिठ्ठीवर ‘डिमेन्शिया प्रोटोकॉल’ (स्मृतिभ्रंशासाठी घ्यायच्या प्रतिमांचा ठरलेला संच) लिहून घ्या. त्यात मेंदूची रचना दाखवणारा टी१, हिप्पोकॅम्पसला काटकोनात घेतलेले कोरोनल छेद (कानापासून कानापर्यंतचे उभे काप), जुन्या इजेचे डाग दाखवणारा फ्लेअर, आणि बारीक रक्तस्राव दाखवणारा एसडब्ल्यूआय येतो. झिजेला ० ते ४ गुण देतात. पंचाहत्तरीच्या आत २ गुणही जास्त समजतात, पंचाहत्तरीनंतर साधारण ३ पासून. पेसमेकर किंवा मेंदूत क्लिप असेल तर आधीच सांगा. श्रवणयंत्र बाहेर काढून ठेवावं लागतं, म्हणून ‘आई, आवाज मोठा येईल, मान हलवू नका’ हे ते काढण्याआधीच सांगून ठेवा. मान हलली की छेद धूसर येतात आणि त्यावर दिलेले गुण बिनकामाचे ठरतात.

एफडीजी पेटमध्ये, म्हणजे किरणोत्सर्गी साखर टोचून केलेल्या स्कॅनमध्ये, मेंदू साखर कुठे कमी वापरतो ते दिसतं. अल्झायमरमध्ये हा वापर मागच्या सिंग्युलेट भागात (मेंदूच्या आतल्या बाजूचा पट्टा) आणि कानशिलामागच्या, टाळूजवळच्या पट्ट्यात घटतो. किमान चार तास उपाशी राहावं लागतं, साधं पाणी चालतं. रक्तातली साखर जास्त असेल तर चित्र फिकं येतं, म्हणून मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन कधी घ्यायचं ते केंद्राला आदल्या दिवशी विचारा. इंजेक्शननंतर अर्धा तास मंद उजेडात, न बोलता पडून राहायचं. त्या वेळात शेजारी बसून गप्पा मारू नका, मोबाइलही देऊ नका. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तोच जास्त साखर ओढतो.

आता मणक्यातलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव. त्यात अल्झायमरशी जोडलेली प्रथिनं मोजतात. याचीच भीती सर्वांत जास्त. ‘पाणी काढलं की पाय लुळे पडतात’ हे घरोघरी ऐकू येतं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये जाते. शरीरात हे पाणी साधारण १५० मिलीलीटर असतं आणि दिवसाला सुमारे ५०० मिलीलीटर नवं तयार होतं. त्यामुळे काढलेले १० मिलीलीटर अर्ध्या तासात भरून निघतात. रक्त पातळ करणारी औषधं मात्र आधी सांगाच. ती स्वतःहून बंद करू नका. बोथट टोकाची बारीक सुई वापरली तर नंतरची डोकेदुखी कमी होते, ती मिळेल का ते विचारा. उठून बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर थांबणारी डोकेदुखी बहुधा काही दिवसांत उतरते. ताप, मान ताठरणं किंवा पायांत अशक्तपणा आला तर त्याच तासाला रुग्णालय गाठा.

नमुना बिघडतो तो नळीत. अल्झायमरमध्ये बीटा अमायलॉइड ४२ मेंदूतल्या थरांत अडकून पडतं, म्हणून पाण्यात कमी सापडतं. पण हेच प्रथिन काचेला आणि पॉलिस्टायरीनलाही चिकटतं. नळी चुकीची असेल तर निरोगी माणसाचा आकडाही खाली येतो. म्हणून पाणी थेट पॉलीप्रोपिलीनच्या नळीत घ्यायला सांगा आणि एका नळीतून दुसरीत ओतू देऊ नका. रक्त मिसळलं असेल तर पहिले एक-दोन मिलीलीटर बाजूला काढतात. नमुना बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जाणार असेल तर नळी, तापमान आणि मुदत त्यांच्याकडून आधी लिहून घ्या. मे महिन्यातल्या बडोद्यात तो बर्फाच्या डब्याबाहेर तासभरही राहू नये.

निकालात अमायलॉइड ४२ आणि ४० (त्याच प्रथिनाचा आखूड प्रकार) यांचं गुणोत्तर मागा. एकट्या ४२ पेक्षा ते भरवशाचं असतं. ते कमी आणि पी-टाऊ (टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचा अल्झायमरमध्ये वाढणारा प्रकार) वाढलेला असेल तर अल्झायमरची बाजू भक्कम होते. नुसता एकूण टाऊ पक्षाघातानंतरही वाढतो. नुसतं अमायलॉइड तर स्मरणशक्ती शाबूत असलेल्या अनेक वृद्धांतही सापडतं, म्हणून तक्रार नसलेल्या माणसाची ही तपासणी करू नये. दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडू नका, कारण प्रत्येकीची मर्यादा तिच्या यंत्रानुसार वेगळी असते. गुणोत्तर आणि पी-टाऊ दोन दिशांना गेले तर मेंदूत साचलेलं अमायलॉइड दाखवणाऱ्या अमायलॉइड पेटचा विचार होतो. पी-टाऊ २१७ ची रक्ततपासणी सुचवली तर मूत्रपिंडाचा आजार आहे हे सांगायला विसरू नका, त्याने तो आकडा वाढतो. स्कॅनच्या मूळ प्रतिमा सीडीवर मागून घ्या. वर्षभराने पुन्हा एमआरआय झाला की दोन्ही शेजारी ठेवूनच झीज मोजता येते.