मासे आधीच टाकीत असतील तर: मराठवाड्याच्या जड पाण्यात नव्या टाकीचे सायकलिंग कसे करावे

मासे सोडण्यापूर्वी महिनाभर टाकीचे सायकलिंग करावे, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू वाढवून टाकी तयार करावी, हा नियम योग्यच आहे. परंतु बहुतेक घरांत टाकी, फिल्टर, रंगीत खडे आणि मासे एकाच दिवशी येतात. मासे परत करता येत असतील तर आधी तेच करावे. दुकानदार परत घेत नसेल, किंवा मुलांचा जीव त्यांच्यात गुंतला असेल, तर मासे आत असतानाच टाकी तयार करावी लागते. हे काम साधारण चार ते सहा आठवड्यांचे, थंडीत कधी आठ आठवड्यांचेही असते. रोज चाचणी केली आणि वेळेवर पाणी बदलले तर माशांना फारसा त्रास न होता ते पार पडते.

पाण्यात नेमके काय घडते

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच तयार होतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही माशांसाठी विषेच आहेत. नायट्रेट मात्र मर्यादेत असेल तर सोसते. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतात आणि फार सावकाश वाढतात. म्हणून पहिल्या एक-दोन आठवड्यांत अमोनिया चढतो, तो उतरू लागला की नायट्राइट चढतो, आणि बरेचसे मासे या दुसऱ्या टप्प्यात दगावतात, कारण अमोनिया शून्यावर आलेला पाहून घरच्यांना टाकी तयार झाली असे वाटते.

येथे मराठवाड्याच्या पाण्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. काळ्या बेसाल्ट खडकातून येणारे आपले बोअरचे पाणी सहसा जड असते आणि त्याचा पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा; ७ म्हणजे मध्यम) बहुधा साडेसातच्या पुढे असतो. जिवाणूंना असे पाणी मानवते, कारण अमोनियाचे रूपांतर करताना पाण्यातील क्षारता, म्हणजे पीएच घसरू न देणारे क्षार, खर्च होत असते आणि ती आपल्याकडे भरपूर असते. माशांना मात्र याच पाण्यात अमोनिया अधिक बाधतो. पंचवीस अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या आसपास जातो, आणि पीएच साडेआठ व पाणी तीस अंश असेल तर जवळपास पाचवा हिस्सा विषारी असतो. म्हणजे चाचणीत दिसणारा आकडा तोच असला तरी बीडच्या उन्हाळ्यात त्याचा अर्थ वेगळा होतो. अमोनिया आणि नायट्राइट मिळून ०.५ पीपीएमपर्यंत (लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम) चालतात असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. आपल्या पाण्यात, विशेषतः मार्च ते जून, अमोनिया ०.२५ च्या वर जाऊ देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या दिवशी करावयाच्या गोष्टी

प्रथम थेंबांचे चाचणी किट आणावे. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच या चारही चाचण्या त्यात असाव्यात. किट महाग वाटते, पण त्याच्याशिवाय पुढची प्रत्येक कृती अंदाजाने होते. पैसे कमी असतील तर सजावटीची खेळणी आणि कारंजी आणू नयेत, किट आणावे. टाकीत भरण्यापूर्वीच्या पाण्याचीही एकदा चाचणी करावी, कारण शेतीच्या भागातील बोअरच्या पाण्यात मुळातच नायट्रेट असू शकते, आणि ते माहीत नसेल तर पुढे तो आकडा पाहून टाकी तयार झाल्याचा गैरसमज होतो.

त्यानंतर मासे मोजावेत. ६० × ३० × ३० सेंटिमीटरच्या टाकीत प्रत्यक्षात सुमारे ४५ लिटर पाणी बसते. या काळात एवढ्या पाण्यात गप्पी, मोली किंवा प्लॅटी असे तीन-चार लहान मासे पुरेत. हे मासे जड पाण्यातही चांगले राहतात. गोल्डफिश असतील तर काम अवघड आहे, कारण ते खातात भरपूर आणि घाणही तितकीच करतात. जास्तीचे मासे ओळखीच्या कोणाच्या जुन्या टाकीत ठेवता आले तर अवश्य ठेवावेत.

सर्वांत मोलाची मदतही तशाच जुन्या टाकीतून मिळते. निरोगी माशांच्या, वर्षभर चाललेल्या टाकीतील फिल्टरचा स्पंज किंवा त्याचा तुकडा मागून आणावा, त्याच टाकीच्या पाण्यात ओला ठेवून लगेच घरी आणावा आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवावा. यामुळे कित्येक आठवड्यांचे काम काही दिवसांत होऊ शकते. दुकानाच्या टाकीतला स्पंज शक्यतो घेऊ नये. तेथे रोज नवे मासे येतात आणि त्यांच्यासोबत रोगही येतात. बाटलीतल्या जिवाणूंचा गुण बेभरवशाचा आहे: उन्हात तापलेल्या पार्सलमधून आलेल्या बाटलीत जिवंत काय उरले हे कळत नाही. शिवाय काही बाटल्यांवर नायट्रोबॅक्टर असे लिहिलेले असते, तर गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइटचे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा जिवाणू करतात, हे १९९८ मध्येच संशोधनातून दिसून आले आहे.

पाण्याचा साठा

हे सर्व ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट म्हणजे हाताशी असलेले पाणी. आपल्या अनेक गावांत आणि शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, आणि अमोनिया काही पाण्याच्या वारांची वाट पाहत नाही. म्हणून किमान अर्धी टाकी भरेल इतके पाणी एका स्वच्छ, साबण न लागलेल्या पिंपात कायम भरून ठेवावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ग्रामपंचायतीच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेली असते आणि टँकरच्या पाण्याचाही भरवसा नसतो. क्लोरीन माशांचे कल्ले जाळते आणि आपण वाढवत असलेले जिवाणूही मारते. पिंपाला डास जाणार नाहीत असे पातळ कापड बांधून पाणी चोवीस तास ठेवावे, अधूनमधून ढवळावे, किंवा घाई असेल तर अँटिक्लोरीन पाकिटावरच्या मात्रेत घालावे.

जारचे पाणी वापरण्याचा मोह अनेकांना होतो. ते आरओचे, म्हणजे क्षार गाळून काढलेले, असल्यामुळे त्यात क्षारता फारच कमी असते. काही दिवसांत पीएच घसरतो आणि जिवाणूंचे काम थांबते. त्याहून वाईट म्हणजे, अशा घसरलेल्या टाकीत एकदम बोअरचे पाणी ओतले की पीएच झटकन वाढतो आणि साठलेला अमोनिया विषारी रूपात येतो. जे पाणी पुढे वर्षभर मिळणार आहे, त्याच पाण्यात टाकी उभी करावी.

रोजचा क्रम

सकाळी चाचणी करावी आणि वहीत आकडे लिहावेत. अमोनिया ०.२५ च्या वर असेल तर तिसरा हिस्सा, म्हणजे ४५ लिटरच्या टाकीत सुमारे १५ लिटर, पाणी काढून पिंपातले घालावे. आकडा ०.५ किंवा अधिक असेल तर अर्धे पाणी बदलावे आणि संध्याकाळी पुन्हा चाचणी करावी. पाणी बदलल्याने सायकल मोडते ही समजूत चुकीची आहे. जिवाणू पाण्यात तरंगत नसून स्पंजवर आणि खड्यांवर चिकटून असतात. मात्र संपूर्ण टाकी रिकामी करून खडे आणि काच साबणाने धुण्याची जी रीत घरोघरी आहे, तिने सर्व काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. स्पंज तुंबला तरच तो टाकीतून काढलेल्या पाण्यात हलका पिळावा, नळाखाली कधीही धरू नये.

खाद्य दिवसाआड द्यावे, तेही दोन मिनिटांत संपेल इतकेच. निरोगी मोठा मासा काही दिवस उपाशी राहिल्याने मरत नाही. मनी प्लांटच्या फांद्यांची फक्त मुळे पाण्यात राहतील अशी सोय केली तर थोडा अमोनिया आणि नायट्रेट ती शोषून घेतात.

नायट्राइट दिसू लागल्यावर मीठ उपयोगी पडते. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरून रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवते, आणि मिठातील क्लोराइड त्याला कल्ल्यांतच अडवते. ४५ लिटरला दोन सपाट चहाचे चमचे साधे मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू घालावे. पुढे जेवढे पाणी बदलाल तेवढ्यापुरतेच पुन्हा घालावे. टाकीतून काढलेले पाणी कुंड्यांना फार चांगले, पण मीठ घातल्यानंतरचे पाणी तुळशीला घालू नये.

मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील, पंख अंगाशी मिटून कोपऱ्यात बसत असतील किंवा कल्ले लाल अथवा तपकिरी दिसत असतील, तर आधी चाचणी करावी आणि पाणी बदलावे. अशा वेळी दुकानातून निळे औषध हमखास दिले जाते. ते मिथिलीन ब्लू असते आणि जिवाणूंना अपाय करू शकते. पाणी दुधाळ झाले तर घाबरू नये. ते वेगळ्या जिवाणूंमुळे होते आणि बहुधा काही दिवसांत आपोआप निवळते.

ऊन, थंडी आणि वीज

पंचवीस अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पस्तीस अंशांना सुमारे ७. आणि जिवाणूंनाही प्राणवायू लागतोच. एप्रिल-मेमध्ये टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवावी, झाकण उघडून वर जाळी टाकावी आणि पाण्यावरून पंख्याचा वारा जाऊ द्यावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. परभणीसारख्या ठिकाणी हिवाळ्यात पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा हीटरशिवाय जिवाणूंची वाढ जवळपास थांबते. फिल्टर रात्री बंद करू नये. भारनियमन असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेवावा, आणि वीज बरेच तास नसेल तर बंद डब्याच्या फिल्टरमधील साचलेले पाणी टाकून देऊन मगच तो सुरू करावा.

टाकी तयार झाली हे कसे ओळखावे

पाणी न बदलता सलग सात दिवस अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, आणि नायट्रेट भरण्याच्या पाण्यापेक्षा वाढते, असे आकडे वहीत आले की टाकी आहे तेवढ्या माशांसाठी तयार झाली. जिवाणूंची संख्या त्या माशांपुरतीच असते. म्हणून पुढे एका वेळी दोनच मासे वाढवावेत, त्यानंतर आठवडाभर पुन्हा रोज चाचणी करावी आणि दोन्ही आकडे शून्यावर स्थिर असतील तरच पुढचे मासे आणावेत. पारा चाळिशीच्या वर असलेल्या दिवसांत नवे मासे आणूच नयेत. मृगाच्या पावसानंतर हवा उतरली की आणावेत.