काळ्या बॅगेसाठी सेलची वाट पाहताय? सेलमधल्या या चुका टाळा

माझ्या नणंदेचा एका काळ्या लेदर टोटवर, म्हणजे खांद्याला लावायच्या मोठ्या बॅगेवर जीव जडला होता. किंमत अठरा हजारांच्या घरात. "जानेवारीत सेल लागेलच की," म्हणून ती महिनाभर थांबली. सेल लागला त्या शनिवारी आम्ही दोघी लोअर परळच्या मॉलचं शटर वर जायच्या आधीच दारात हजर. दुकानभर लाल पाट्या, पण तिची बॅग मागच्या फळीवर, पूर्ण किमतीत. "ताई, तो फ्रेश स्टॉक आहे, त्यावर ऑफर नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली. नणंद रिकाम्या हाताने परतली असती तरी चाललं असतं. तिने तीच बॅग मोहरीच्या रंगात अर्ध्या किमतीला घेतली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकदा नेली, तेवढीच. बाकी वर्षभर कपाटात.

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. ब्रँड परदेशी असो, जसं कोच, मायकेल कोर्स, केट स्पेड, नाहीतर आपल्याकडचं हायडिझाइन किंवा दा मिलानो. काळा, टॅन, चॉकलेटी रंग आणि नेहमीचे आकार वर्षानुवर्षं चालतात. ते आज विकले गेले नाहीत तर पुढच्या महिन्यात जातील, दुकानाला घाई नसते. घाई असते ती त्या हंगामापुरत्या आलेल्या पोपटी, जांभळ्या, फुलाफुलांच्या, हातात जेमतेम मोबाईल मावेल अशा बॅगांची. लाल पाटी लागते ती त्यांना. म्हणून आधी ठरवा, आपल्याला हवी ती बॅग कुठल्या गटातली. रोज ऑफिसला न्यायची काळी टोट असेल तर सहा महिने थांबून फारसं काही हाती लागत नाही. बँकेच्या कार्डावर किंवा कूपनवर मिळेल तेवढी सूट घ्यायची आणि मोकळं व्हायचं.

रंगीत बॅगच हवी असेल तर मात्र थांबण्यात अर्थ आहे. उन्हाळी माल निघतो जूनअखेरीपासून जुलैभर, कधी ऑगस्टपर्यंत. थंडीचा माल डिसेंबरअखेर आणि जानेवारीत. मिंत्राचा मोठा सेलही जून आणि डिसेंबरच्याच सुमाराला असतो, नायकाचा पिंक फ्रायडे नोव्हेंबरात. दसरा-दिवाळीच्या आसपास ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टची धामधूम असते, त्यामुळे बोनस हातात आला की आपण मॉलही गाठतो. पण तेव्हा दुकानात नुकताच नवा माल लागलेला असतो. व्हाउचर मिळेल, चांदीचं नाणं मिळेल, खरी उतरलेली किंमत सहसा नाही.

सेल सुरू झाल्यावर कधी जायचं, यावर घरोघरी वाद होतात. माझं मत असं: रंग मनापासून आवडला असेल तर पहिल्याच आठवड्यात, तीस टक्क्यांवर घेऊन टाका. पन्नास टक्क्यांची पाटी लागेपर्यंत उरतात ते कुणालाच नको असलेले रंग. पाकीट किंवा आडवी लटकवायची छोटी स्लिंग बॅग हवी असेल तर खुशाल थांबा.

टक्क्यांचा खेळ

"५० टक्क्यांपर्यंत" मधला "पर्यंत" नेहमी बारीक अक्षरात असतो, तो वाचा. "५० + २०" म्हणजे ७० नव्हे. वीस हजारांची बॅग आधी दहावर येते, मग त्या दहावर वीस टक्के, म्हणजे आठ हजार. सूट झाली ६० टक्के. बँकेची "१० टक्के, कमाल १,५०० रुपये" ही ऑफर चोवीस हजारांच्या बॅगेवर जेमतेम सव्वासहा टक्के पडते. नो-कॉस्ट ईएमआय घेतलात तर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी आधी विचारून घ्या.

बिल करताना कुणी सवलतीच्या किमतीवर वरून कर लावला तर थांबवा. एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात. सवलत जाहीर करून वर व्हॅट (जीएसटीच्या आधीचा कर) आकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये एका प्रकरणात म्हटलं होतं. काउंटरवर ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या क्रमांकावर फोन करा. सेलच्या मालावर पैसे परत न देता फक्त बदलून देण्याची अट बऱ्याच ठिकाणी असते, म्हणून चेन चार वेळा ओढा, पट्ट्याचे हुक आणि कडांचा रंग बघा, मगच कार्ड काढा.

अमेरिकेतून येणाऱ्या मावसबहिणीला "आउटलेटमधून आण", म्हणजे ब्रँडच्याच सवलतीच्या दुकानातून, असं सांगणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की तिथला बराच माल आउटलेटसाठीच वेगळा बनवलेला असतो, मुख्य दुकानातून उतरलेला नसतो. टॅगवरच्या खोडलेल्या किमतीला फार भुलू नये. मायकेल कोर्सवर तिथे याच किमतींवरून खटला झाला होता आणि कंपनीने २०१५ मध्ये तडजोड केली.

जुलैचा सेल आणि मुंबईचा पाऊस

आपला मोठा सेल नेमका भर पावसात येतो, आणि या शहरात बॅगेचे खरे हाल तेव्हाच होतात. पीयू, म्हणजे आपल्या भाषेत रेक्झिन, दमट हवेत न वापरताही आतून खराब होत जातं आणि एक दिवस पापुद्रे सुटायला लागतात. म्हणून साठ टक्के सुटीतली पीयूची बॅग दिसली की लेबलवरचा महिना आणि वर्ष बघा. दोन-तीन पावसाळे गोदामात काढलेली बॅग स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

लेदरमध्ये स्वेड, म्हणजे मखमलीसारखं खरखरीत-मऊ कातडं, आणि रंग न दिलेलं फिकट कातडं जुलैत घेऊच नका. दादरच्या पुलावर एक सर आली की डाग कायमचे. बारीक आडव्या-उभ्या रेघांचं सॅफियानो त्यामानाने टिकतं, त्यावरचं पाणी पुसलं की संपलं. लोकलने जाणार असाल तर वरून चेन असलेलीच घ्या, उघडी टोट गर्दीत नको.

घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. जुन्या मलमलच्या कापडात गुंडाळा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. आकार राहावा म्हणून वर्तमानपत्र कोंबलं तर शाई अस्तराला लागते, त्यापेक्षा पांढरा कोरा कागद घ्या. तरीही गणपतीच्या सुमारास कपाट उघडल्यावर लेदरवर पांढरी बुरशी दिसली, तर आधी बॅग गॅलरीत न्या, म्हणजे कपाटातल्या साड्यांवर ती उडणार नाही. कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि दोन दिवस पंख्याखाली उघडी ठेवा. उन्हात टाकलीत किंवा केसांचा ड्रायर लावलात तर बुरशी जाईल, पण कातडं तडकेल.