भात निघालं की वाल: आधीच करून ठेवायची तयारी

कोकणात वाल नोव्हेंबरमध्ये पेरतात असं सगळे सांगतात, पण ते गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या भाताच्या खाचरापुरतं. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात आधीच निघतं, तेव्हा परतीचा पाऊस अजून गेलेला नसतो आणि साचलेल्या पाण्यात बी कुजतं. म्हणून तारीख विचारू नका, ओल बघा. हा वाल पाणी न देता, भाताने मागे ठेवलेल्या ओलीवरच वाढवायचा असतो.

ओल बघायची ती दुपारी. सकाळी दवामुळे कोरडी जमीनही ओली दिसते. वीतभर खणून खालची माती मुठीत दाबा. बोटांना चिखल लागला तर थांबा. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, तर वाफसा आलाय, त्याच दिवशी नांगर धरा. गोळाच होत नसेल तर उशीर झाला.

म्हणून बाकी सगळं कापणीच्या आधी तयार हवं. आधी मळणी उरकू, मग वालाचं बघू, असं करूच नका. गेल्या हंगामात आमचं तिथेच चुकलं: बी होतं, माणसं होती, ओल गेली होती. कापलेलं भात खाचरात वाळत पडतं तेवढ्यातही ऊन माती सुकवतं. भारे बांधावर काढा आणि खाचर मोकळं करा.

बी घरचं असेल तर भोकं पडलेले दाणे काढून टाका आणि शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. विकत घ्यायचं तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे कोकण वाल 1 आणि कोकण वाल 2 हे वाण आहेत. गुंठ्याला साधारण अर्धा किलो लागतं. रायझोबियम हे जिवाणू खत किलोला 25 ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून चोळा आणि बी सावलीतच सुकवा. उन्हात ठेवलंत तर त्यातले जिवाणू मरतात, मग चोळलं काय नि न चोळलं काय. बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, रायझोबियम शेवटी.

नांगरलं की ढेकळं फोडायला लगेच फळी फिरवा. ढेकळं रात्रभर उघडी राहिली की ओल उडालीच म्हणून समजा. नांगरणी, फळी, पेरणी, सगळं एका दिवसात. नांगराला बैलजोडी नसेल तर भाताच्या खुंटांमध्ये काठीने टोकून बी ओल्या मातीत जाईल असं लावा, वरच्या कोरड्या थरात नको. डिसेंबरपर्यंत ढकललंत तर फुलं धरतात, पण झाडं खुरटी राहतात आणि दाणा भरताना जमिनीत काही उरत नाही.

कुंपण पेरणीच्या आधी घाला. भात निघालं की गावची गुरं मोकळी सुटतात आणि कोवळा वाल त्यांना फार आवडतो. शेजारचेही वाल करणार असतील तर राखण मिळून करा.

पुढे एक बेणणी, म्हणजे तण काढणं. ढगाळ हवेत शेंड्यांवर मावा दिसला की निंबोळी अर्क. पोपटीपुरत्या, म्हणजे मडक्यात भाजण्यापुरत्या हिरव्या शेंगा काढा, बाकीच्या झाडावर वाळू द्या. बियाण्याचे दाणे राखेत घोळून ठेवा.